आमच्या ट्यूबावाल्या ताई

त्या दिवशी दुपारी मी ताईंच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले होते. मांडीवर दादूची पँट, तिची चेन खराब झाली होती ती काढून दुसरी लावत होते. ताई म्हणजे माझी मोठी जाऊ आणि दादू त्यांचा मुलगा, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला जातो. ताईंच्या नाकात ऑक्सिजनची नळी, ते मशीन कोपऱ्यात घुर्र घुर्र करत होतं. डोळे मिटलेले. मला वाटलं डोळा लागला. तर डोळे न उघडताच म्हणाल्या,

"काय करतेयस गं?"

"चेन लावतेय."

"ते नाही विचारलं. तू माझ्याबरोबर श्वास घेतेयस."

खरंच घेत होते. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांची छाती वर गेली की माझी वर, त्यांची थांबली की माझी थांबायची. धाप लागलेल्या माणसाजवळ बसलं की असं होतंच, कोणीही बसून बघा.

"माझ्याबरोबर नको घेऊस," ताई म्हणाल्या. "माझा झाला की मग तू घे. नाहीतर दोघींचा दम एकदम संपेल, मग दादूला चहा कोण देणार?" आणि हसल्या. हसल्या की त्यांना खोकला यायचा, त्या दिवशी नाही आला.

हे पाळीपाळीने श्वास घ्यायचं त्यांच्या बँडमधलं होतं, ते पुढे सांगते. मी म्हटलं बरं, आणि तसं करायला लागले. त्यांचा श्वास झाला की माझा. सोपं वाटतं पण जमत नाही, सुई टोचली मला एकदा. मग त्या म्हणाल्या खिडकीची दुसरी काचही सरकव. सरकवली. म्हणाल्या दादू यायची वेळ झाली का. म्हटलं व्हायची आहे. म्हणाल्या उशी जरा खाली घे. घेतली. परत येऊन बसले, सुई हातात घेतली. त्यांचा श्वास झाला, मी घेतला. त्यांचा झाला, मी घेतला. मधलं अंतर वाढत चाललं होतं पण ओढाताण काही नव्हती, भांडं विसळून पालथं घालावं तसा शांतपणे एकेक यायचा. मग माझी पाळी यायची म्हणून मी थांबून राहिले. त्यांचा आला की माझा. त्यांचा आलाच नाही. शेवटी मलाच घ्यावा लागला.

खोटं कशाला सांगू, मला आधी रडू नाही आलं. आधी मनात आलं, सुटल्या. अगदी तोंडातून हुश्श निघालं. मग रडले.

दादू आला, दारातच माझ्याकडे बघून त्याला कळलं. खांद्यावरची अवजारांची पिशवी तशीच, म्हणाला,

"काकू, त्रास झाला का तिला?"

"नाही रे."

"खरं सांग."

"माझ्या गळ्याची शपथ. बोलता बोलता गेल्या. उशी खाली घे म्हणाल्या, आणि गेल्या."

"धाप नाही लागली?"

"नाही लागली."

तो तिथेच फरशीवर बसला, पिशवी पोटाशी धरून. "मग ठीक आहे," म्हणाला. "मग ठीक आहे, काकू." असं किती वेळ म्हणत होता.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल ही कसली माणसं, आई गेली आणि म्हणतात ठीक आहे. तर आमच्या सासूबाई कशा गेल्या ते आम्हाला माहीत आहे. त्याही दम्यानेच गेल्या, पण महिनाभर पाण्याबाहेर काढलेल्या माशासारख्या. बसता येईना, निजता येईना, डोळे बाहेर आलेले, आमचे हात इतके घट्ट धरायच्या की नखं रुतायची. ताई आणि मी पाळीपाळीने बसायचो. त्या गेल्यावर ताई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "मरायला मी घाबरत नाही, पण असं नको गं बाई मला. असं झालं तर सरळ उशी दाब तोंडावर." मी म्हटलं, "गप्प बसा, काहीतरीच बोलता." दादू तेव्हा लहान होता पण त्यानेही सगळं पाहिलेलं.

आणि नेमका ताईंनाच छातीचा आजार निघाला. दमा नाही, दुसरा. दवाखान्याच्या धुलाईत त्यांनी उभी हयात काढली. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिथे यायचं. तो मोठा गरम रूळ असतो ना, त्यात ओली चादर एका बाजूने सरकवायची आणि पलीकडे इस्त्री होऊन निघते, त्याच्यावर दोन बायका लागतात. चार कोपरे, दोघींचे दोन दोन. ताई डाव्या बाजूला. सगळ्या त्यांना मुकादम म्हणायच्या, कारण कोपरा जरा वाकडा धरला की त्या चादर ओढूनच घ्यायच्या, समोरची बाई चादरीबरोबर पुढे यायची. वाफ, कापसाचा भुगा, त्यात घरी आधी आमचा रॉकेलचा स्टोव्ह. डॉक्टर म्हणाले नक्की कशाने ते सांगता येत नाही, पण फुफ्फुसं ताठ होत चाललीत, रबरी फुगा जुना झाला की कसा होतो तशी. औषधाने जोर कमी राहील, पण परत मऊ व्हायची नाहीत.

ताईंनी डॉक्टरांना एकच विचारलं. "शेवटी धाप लागेल का?"

डॉक्टर म्हणाले, "आत्ता कशाला तो विचार?"

"लागेल का ते सांगा."

"लागू शकते. आम्ही तेव्हा औषधं देऊ."

त्यानंतर ताई बदलल्या. घाबरट अशा त्या कधीच नव्हत्या. पण आता जिना चढताना जरा दम लागला की कठडा धरून थांबायच्या आणि चेहरा असा व्हायचा की बघवायचं नाही. मला कळायचं, त्यांना सासूबाई दिसतायत.

डॉक्टरांच्या दवाखान्यात श्वासाचे व्यायाम शिकवणारी एक बाई होती, वयाने पोरसवदा. तिने ताईंना ते प्लास्टिकचं खेळणं दिलं, तीन गोळ्यांचं, नळीतून हवा ओढायची आणि गोळ्या वर चढवायच्या. ताई रोज सकाळी ते घेऊन बसायच्या आणि रोज वैतागायच्या. "साठीला आले मी आणि गोळ्या खेळतेय." एकदा तपासणीला गेलो तेव्हा त्या मुलीला म्हणाल्या, याच्यापेक्षा दुसरं काही नाही का, कंटाळा आला मला. ती मुलगी हसून म्हणाली, "मग एखादा बाजा शिका काकू, सनई नाहीतर बँडबिंड."

ती आपली गंमत करत होती. मला कळलं, बाहेर बसलेल्या पेशंटला कळलं. ताईंना नाही कळलं. किंवा कळूनसुद्धा त्यांनी ते औषधासारखं लिहून घेतलं, देव जाणे. घरी येताना बसमधून आमच्या थांब्याच्या एक थांबा आधीच उतरल्या. मी म्हटलं अहो कुठे? म्हणाल्या, ती संगीताची शाळा आहे ना कोपऱ्यावर, तिथे.

शाळेत वरच्या मजल्यावर बँडचा वर्ग. तिथले सर, शर्टाच्या बाह्या दुमडलेले, खुर्च्या मांडत होते. ताई दारातूनच म्हणाल्या,

"यात सगळ्यात जास्त हवा कशाला लागते?"

सरांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. म्हणाले, "कोणासाठी? नातवासाठी का?"

"माझ्यासाठी."

सरांनी कोपऱ्यात बोट केलं. तिथे ट्यूबा होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते, पितळेचा असतो, मांडीवर घेऊन वाजवतात, वर तोंड एवढं मोठं की त्यात आमची परात बसेल. मागे बसलेला माणूस दिसत नाही. आवाज तर असा खोल की कानाला नाही, पोटाला ऐकू येतो. तो कोणालाच नको असायचा. सगळ्या पोरांना पुढे बसून मिरवायचं असतं, ट्यूबावाला मागे, आणि बाकीच्यांच्या खाली नुसता आधार देत बसायचं.

"हाच द्या," ताई म्हणाल्या. चप्पल निवडावी तसं.

श्वासवाल्या मुलीला पुढच्या वेळी सांगितलं तर ती अक्षरशः उठून उभी राहिली. "अहो काकू, मी गंमत केली होती!" पळत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी तपासलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून व्हरांड्यात चालायला लावलं, मग म्हणाले ओठ निळे दिसायला लागले की थांबायचं, जोर करायचा नाही, मग चालेल. डॉक्टर जाता जाता मला हळूच म्हणाले, "वाजतो का त्यांना?" मी म्हटलं, "म्हैस हंबरते तसा."

खरंच तसा वाजायचा. शाळेने सरावाला घरी दिलेला ट्यूबा आमच्या दोन खोल्यांत वाजला की ताटल्या थरथरायच्या. आमचे हे म्हणायचे, "वहिनी, आगबोट कधी सुटणार?" ताई म्हणायच्या, "भाऊजी, तुम्ही बसा आधी, मग सोडते." मी शिवण घेऊन बसलेली, मशीनची सुई त्या आवाजाने आपोआप हलते की काय असं वाटायचं.

ताईंनी रीतसर नाव घातलं, संध्याकाळच्या वर्गात. विद्यार्थी म्हणून. वर्गात सगळी कॉलेजची पोरं आणि ह्या. पहिल्या दिवशी एकाने आजी म्हटलं तर म्हणाल्या, "तुझी आजी घरी असेल. मी पहिल्या वर्षाची आहे." मग पोरांनी काकू सुरू केलं, आणि पुढे टर्बो काकू, कारण वाजवायच्या आधी त्या दम भरताना फुस्स असा आवाज व्हायचा.

ट्यूबावर त्यांच्या जोडीला एक मुलगी होती. इतकी लहानखुरी की बाजा घेतला की तिचे नुसते बूट दिसायचे. तिला सगळे चिमणी म्हणायचे. आणि हीच चिमणी ताईंची खरी गुरू, सर नंतर.

आता ते श्वासाचं सांगते. मोठ्या लांब सुरात काय होतं, बाकीचे बाजे वर काहीतरी नाचत असतात आणि खाली ट्यूबाचा एकच सूर चालू ठेवायचा असतो, तुटता कामा नये. पण माणूस कितीही तगडा असला तरी एका दमात एवढा वेळ कसा वाजवणार? म्हणून दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकाने घ्यायचा तेव्हा दुसऱ्याने धरून ठेवायचं, मग हा परत हळूच आत शिरला की तिने घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटतं एकच सूर आहे, कधी तुटलाच नाही. ताई घरी येऊन मला हे सांगत होत्या तेव्हा भाजी चिरता चिरता सुरी हातात तशीच. "अगं आमच्या रुळासारखंच आहे. समोरचीने धरलंय म्हटल्यावर आपण हात सोडून घाम पुसू शकतो. फक्त दोघींनी एकदम सोडायचं नाही."

सुरुवातीला त्यांना हे जमायचं नाही. ताईंना सवय काय, शेजारचा करतो तेच करायचं, कारण रुळावर दोघींचे हात एकदम चालावे लागतात. चिमणीने श्वास घेतला की ह्या पण घ्यायच्या. आणि सूर मधेच बंद. सर काठी आपटायचे. चिमणी म्हणायची, "काकू, माझ्याकडे बघून घेऊ नका ना! मी घेतला की तुम्ही मुळीच घ्यायचा नाही." शेवटी तिने ताईंच्या पायावर पाय ठेवायला सुरुवात केली. पाय दाबला की थांबा. ताई घरी येऊन तळवा चोळत बसायच्या, "पोरगी चिमणी आहे पण टाच हत्तीची."

पुढच्या वर्षी बँडला बाहेरच्या देशाचं आमंत्रण आलं. विद्यार्थ्यांच्या बँडचा मेळा, दोन शहरांत कार्यक्रम. 

दादू म्हणाला, "आई, तू जाणार नाहीस."

"का?"

"परक्या ठिकाणी काही झालं तर?"

"इथे झालं तर तू काय करणार आहेस? लिफ्टसारखी मला वर खाली करणार?"

"मस्करी नको. तिथे तुला धाप लागली, कोणी ओळखीचं नाही, भाषा येत नाही..."

"धापेला कुठली भाषा लागते?"

दादू उठून गॅलरीत गेला. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू पण त्याच्याच बाजूने आहेस ना?" मी म्हटलं मी कोणाच्याच बाजूने नाही, मला ह्या चार ब्लाउजना बटणं लावायची आहेत. पण मी घाबरले होते, दादूपेक्षा जास्त. दादूने सासूबाईंना दारातून पाहिलं होतं, माझ्या मनगटाला त्यांची नखं लागली होती.

डॉक्टरांनी पुन्हा चिमटा लावून चालवलं, बरोबर छोटं ऑक्सिजनचं यंत्र न्यायला सांगितलं, आणि घरचं कोणीतरी हवंच म्हणाले. म्हणून मी गेले. मी, जिने कधी विमान खालून सोडून कुठून पाहिलं नव्हतं. सरांनी विमानतळावर सगळ्या पोरांना सांगितलं, काकूंच्या सोबत ह्या काकू आहेत, ह्यांना पण सांभाळायचं. एकजण म्हणाला, "सर, काकूंच्या काकूंना आम्ही काय म्हणायचं?" झालं, पूर्ण सहलीभर मी काकूंच्या काकू.

ट्यूबा विमानातून नेणं म्हणजे माणसाएवढं सामान, म्हणून तिथल्याच शाळेने त्यांचे दोन द्यायचे ठरलं होतं. पण तोंडाला लावायचा जो पितळी तुकडा असतो तो आपापला. ताईंनी तो दादूच्या लोकरी मोज्यात घालून पर्समध्ये ठेवलेला. तपासणीच्या बाईने मशीनमध्ये पाहिलं आणि पर्स बाजूला घेतली. मोजा बाहेर काढला, आतून जड काहीतरी. चार जण जमले. ताईंना भाषा येईना, त्यांनी सरळ तो तुकडा ओठाला लावला आणि वाजवला. नुसता तुकडा वाजवला की बदकासारखा आवाज येतो. ती बाई इतकी हसली की पलीकडची रांग थांबली.

तिथे आम्हाला शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. लांब व्हरांडा, खोलीत दोन पलंग, एक उंच खिडकी, भिंतीवर गरम पाण्याचे पाईप. आणि दिलेला ट्यूबा वेगळाच निघाला. आपल्याकडच्याला बटणं वरून दाबायची, याला चार चाव्या बाजूला आडव्या. ताई बिछान्यावर तो घेऊन बसल्या, बोटं कुठे ठेवायची कळेना. "इस्त्रीवाल्याला शिवणयंत्र दिल्यासारखं झालं," म्हणाल्या. चिमणी धावत आली, तिलाही तेच मिळालेलं. दोघी व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसल्या, पुरा दिवस बोटं बसवत. दुसऱ्या कुठल्या देशाच्या बँडमधला एक उंच मुलगा जाता येता थांबायचा आणि बोट कुठे ठेवायचं ते हाताने दाखवायचा. ताई त्याला प्रत्येक वेळी एक बिस्किट द्यायच्या. तो बिस्किटासाठीच फेऱ्या मारत होता असं माझं मत.

पहिल्या शहरातला कार्यक्रम बरा झाला. दुसऱ्या शहरातला दुपारचा होता, मोठ्या सभागृहात, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, लोक गच्च. मला पुढून तिसऱ्या रांगेत बसवलं, पण पुढून ताई दिसेनात, नुसतं पितळेचं तोंड. म्हणून मी उठून कडेला खांबापाशी जाऊन उभी राहिले. तिथून त्यांचा खांदा आणि अर्धा चेहरा दिसत होता.

शेवटच्या गाण्याचा शेवट असा होता की सगळे बाजे एकेक करून थांबतात आणि ट्यूबाचा सूर एकटा खाली राहतो, हळू हळू होत जातो. तो सूर सुरू झाला. मला आता कळायला लागलं होतं, ताईंचा खांदा वर गेला की त्यांनी श्वास घेतला. एकदा वर गेला. मग चिमणीचा. मग ताईंचा. बासऱ्या थांबल्या, कर्णे थांबले. मग मी पाहिलं, ताईंचा खांदा वर गेला आणि तिथेच राहिला. ओठ बाजूला झाले. त्यांचा दम संपला होता. डोळे मोठे झाले. तेच डोळे. मी खांब सोडून पुढे निघालेच होते.

पण सूर चालू होता. चिमणी वाजवत होती. तिची श्वास घ्यायची पाळी येऊन गेली असणार, तिचा चेहरा लालभडक झालेला, बूट फरशीवर घट्ट रोवलेले. ती घेईना. ताईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि मी शपथेवर सांगते, ताईंचा खांदा खाली आला. त्यांनी घाई केली नाही. एक छोटा श्वास घेतला, मग एक बरा घेतला, ओठ पुसले, तुकडा परत लावला आणि हळूच आत शिरल्या. मग चिमणीने घेतला, इतका जोरात की मला ऐकू आला. पण सूर नाही तुटला. सरांनी मूठ मिटली, संपलं. लोक उभे राहिले.

आत कपडे बदलायच्या खोलीत चिमणी हमसून हमसून रडत होती. "काकू, मला वाटलं तुम्हाला काहीतरी झालं!"

"मग थांबलीस का नाही?"

"थांबले असते तर सूर तुटला असता!"

"मग रडतेस काय? तुटला का?"

"नाही."

"झालं तर." आणि तिचं नाक स्वतःच्या बाहीने पुसलं, तो बँडचा कडक इस्त्रीचा कोट, ज्याची बाही मी सकाळी दोनदा दाबली होती.

पोरं बाहेर गेल्यावर ताई स्टुलावर बसल्या, यंत्राची नळी नाकाला लावली. मी पाठीवर हात ठेवून उभी. थोड्या वेळाने म्हणाल्या,

"तू पाहिलंस ना?"

"पाहिलं. जीव गेला माझा."

"अगं, पण मला भीतीच नाही वाटली." त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. "म्हणजे आधी वाटली, एकदम सासूबाईच आठवल्या. मग म्हटलं, चिमणीने धरलंय. धडपडायचं काय कारण? घेऊ आरामात. आणि आला गं श्वास. धडपडले नाही म्हणून आला."

मग म्हणाल्या, "भूक लागली." इतकंच. पुन्हा कधी त्यावर बोलल्या नाहीत. पण जिन्यावर थांबताना तो चेहरा मी त्यानंतर पाहिला नाही. थांबायच्या, कठडा धरायच्या, कोणी शेजारचं भेटलं तर गप्पा मारायच्या, दम आला की चढायच्या. दादूला मी सगळं सांगितलं तर तो आधी माझ्यावर चिडला, मग त्या संध्याकाळी आईचा ट्यूबा जुन्या बनियनने घासून चकचकीत केला.

आजार काही थांबला नाही. वर्ग सुटला, मग बाहेर जाणं सुटलं, मग मोठं मशीन घरी आलं. सरांनी शाळेचा ट्यूबा ताईंकडेच राहू दिला. वाजवायच्या नाहीत म्हणता येणार नाही, सकाळी उशीला टेकून बसायच्या, दादू मांडीवर धरून ठेवायचा आणि त्या एक सूर काढायच्या. रोज थोडा लहान. "म्हातारी म्हैस," म्हणायच्या आणि खाली ठेव म्हणायच्या. अगदी शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा काढला, फार तर एक पाऊल टाकण्याइतका.

घरी येणारी नर्स आम्हाला सगळं समजावून गेली होती, धाप वाढली तर कुठलं औषध, कोणाला फोन. बाटली फडताळात पुढेच ठेवलेली. ती उघडावी लागली नाही. मी दुसऱ्या दिवशी ती परत द्यायला गेले तेव्हा नर्स म्हणाली, वापरलीच नाही? मी म्हटलं नाही वापरली. मला ते सांगताना इतकं बरं वाटत होतं की मी तिला पुन्हा सांगितलं.

सगळं आटपल्यावर चिमणी आली, सरांनी ट्यूबा न्यायला पाठवलं होतं. तीच म्हणाली की काकूंबद्दल काहीतरी लिहून पाठवा, बँडमधल्या नव्या मुलांना वाचायला देऊ, म्हणून हे फोनवर टाईप केलं, चुका असतील त्या समजून घ्या. आता तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे. थोडा वेळ ताईंच्या पलंगावर बसली, चहा घेतला, दादू खाली रिक्षा थांबवून ठेवतो म्हणून गेला. मी म्हटलं, जड आहे, मी एका बाजूने धरते. ती म्हणाली, थांबा काकू, आधी पाणी काढते, नाहीतर वाटेत गळतं. मला काही कळलं नाही. कसलं पाणी? ती म्हणाली, वाजवलं की आपल्या श्वासाची वाफ आत गार होते, वेटोळ्यात साठून राहते. तिने खालची एक छोटी चावी दाबली, ट्यूबा जरा तिरपा केला आणि नळीत हळूच फुंकलं. फरशीवर पाणी पडलं. जास्त नाही, वाटीच्या तळाशी राहील एवढं.

चिमणी घाबरली. "अय्या, सॉरी काकू, खाली काही घ्यायला हवं होतं. फडकं कुठे आहे?"

मी म्हटलं, "राहू दे गं. वाळेल आपोआप."

मग आम्ही दोघींनी ट्यूबा उचलला, पाणी ओलांडलं, आणि दाराकडे निघालो.